हॅव आय बीन पोन्ड : माहितीच्या गळतीची वार्ता देणाऱ्या सेवेचे परीक्षण

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी गेल्या काही वर्षांत जगभर जे कायदे झाले, त्यांतील जवळजवळ सर्वांत एक तरतूद समान आहे : ज्या संस्थेच्या ताब्यातून माहिती फुटली, तिने ती गोष्ट दडवून न ठेवता कळवली पाहिजे. कोणाला कळवायची, किती तासांत आणि किती तपशिलाने, याची उत्तरे मात्र प्रत्येक कायद्याने वेगळी दिली आहेत. या निरनिराळ्या उत्तरांमध्ये जी फट राहते तिच्यात ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने डिसेंबर २०१३ मध्ये सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा उभी आहे, आणि सर्वसामान्य वापरासाठी ती आजही मोफत आहे. तिचे परीक्षण करताना मी एकच कसोटी लावली आहे. ज्याची माहिती चोरीला गेली त्या माणसाला कायद्यानुसार जे कळायला हवे, ते या सेवेतून कळते का, आणि कितपत कळते?

वापर अगदी सोपा आहे. मुखपृष्ठावरच्या चौकटीत आपला ई-मेल पत्ता लिहिला की तो पत्ता आजवर कोणकोणत्या फुटलेल्या संचांत आढळला, हे समोर येते. खाते उघडावे लागत नाही आणि पासवर्ड विचारला जात नाही. मे २०२५ मध्ये संकेतस्थळाचे रूप पालटल्यापासून ही यादी कालक्रमाने मांडलेली दिसते आणि प्रत्येक गळतीला स्वतःचे स्वतंत्र पान मिळाले आहे. घटना केव्हा घडली, किती खाती बाधित झाली, नावे, जन्मतारखा, पत्ते, पासवर्ड यांपैकी नेमके काय बाहेर गेले, हे त्या पानावर मोजक्या वाक्यांत असते. पासवर्ड गेले असतील तर ते उघड्या मजकुरात साठवले होते, जुन्या कमकुवत हॅश पद्धतीने (हॅश म्हणजे पासवर्डाचे मूळ रूप सहज परत मिळू नये असे सांकेतिक रूप) साठवले होते की बीक्रिप्टसारख्या मजबूत पद्धतीने, हेही बहुधा दिलेले असते. ग्राहकाच्या दृष्टीने हा तपशील सर्वांत उपयोगाचा असतो, आणि ‘आपली सुरक्षितता आम्हांला महत्त्वाची वाटते’ अशा सुराने सुरू होणाऱ्या कंपन्यांच्या पत्रांत नेमका तोच सहसा सापडत नाही.

मला स्वतःला या पानांवरच्या दोन तारखा सर्वांत बोलक्या वाटतात. एक गळती घडल्याची आणि दुसरी ती या सेवेत दाखल झाल्याची. लिंक्डइनमधून २०१२ साली माहिती चोरीला गेली, तेव्हा सुमारे ६५ लाख पासवर्डांचे हॅश बाहेर आल्याची चर्चा होती. मे २०१६ मध्ये तोच संच विक्रीला आला तेव्हा त्यात सुमारे १६ कोटी ४० लाख ई-मेल पत्ते निघाले. ड्रॉपबॉक्समधून २०१२ मध्येच गेलेल्या ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांची खरी व्याप्तीही २०१६ मध्ये उघड झाली. चार वर्षे ते पासवर्ड चोरांच्या हाती होते आणि त्यांचे मालक तेच पासवर्ड इतरत्र वापरत राहिले. सेवेत असलेल्या नऊशेंहून अधिक गळत्यांची पाने चाळली, तर दोन तारखांमधले असे दीर्घ अंतर वारंवार भेटते.

हे अंतर कायद्याने का भरून निघत नाही, हे समजून घेतल्याशिवाय या सेवेचे मोल नीट करता येणार नाही. गळती कळवण्याची सक्ती करणारा पहिला कायदा कॅलिफोर्निया राज्याने २००२ मध्ये केला आणि तो १ जुलै २००३ पासून लागू झाला. त्याचा रोख सरळ होता : ज्याची माहिती गेली त्या रहिवाशाला सांगा. पुढच्या कायद्यांत मात्र नियामक मध्ये आला आणि घड्याळ त्याच्या कार्यालयात लागले. मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण नियमावलीतील प्रसिद्ध ७२ तास हे नियामकाला कळवण्यासाठी आहेत, आणि तेही संस्थेला गळतीची जाणीव झाल्यापासून मोजायचे. बाधित व्यक्तीला कळवण्याचे बंधन त्याच नियमावलीच्या कलम ३४ मध्ये आहे. तेथे तासांची मर्यादा नाही, आणि धोका मोठा असेल तरच ते लागू होते. धोका मोठा आहे की नाही, हे आधी ठरवते कोण? जिच्याकडून माहिती फुटली तीच संस्था.

अमेरिकेच्या रोखे आयोगाने, म्हणजे एसईसीने, जुलै २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार नोंदणीकृत कंपनीने मोठी सायबर घटना चार कामकाजी दिवसांत जाहीर करायची आहे, परंतु हे दिवस कंपनीने ती घटना गुंतवणूकदारांच्या दृष्टीने महत्त्वाची असल्याचे स्वतः ठरवल्यापासून मोजले जातात, आणि हे निवेदन गुंतवणूकदारासाठी असते. युरोपच्या एनआयएस २ या सायबर सुरक्षेच्या निदेशात २४ तासांत प्राथमिक इशारा, ७२ तासांत सविस्तर सूचना आणि महिन्याभरात अंतिम अहवाल असा क्रम आहे. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत तर सहाच तास दिले आहेत. सहा तास हा आकडा कडक वाटतो खरा, पण तो अहवाल सर्ट-इनकडे जातो. खातेदाराला त्यातून काहीही कळत नाही. एखादी कंपनी या सर्व मुदती काटेकोरपणे पाळूनही आपल्या ग्राहकाला महिनोन्‌महिने अंधारात ठेवू शकते, आणि तसे करताना कायद्याचा भंग झाला असे म्हणता येईलच असे नाही.

या बाबतीत सध्या दोन परस्परविरुद्ध प्रवाह दिसतात. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ खालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत धोक्याची पातळी मोजण्याची अटच ठेवलेली नाही. गळती लहान असो वा मोठी, बाधित झालेल्या प्रत्येक व्यक्तीला तिचे स्वरूप, संभाव्य परिणाम, संस्थेने योजलेले उपाय आणि त्या व्यक्तीने स्वतः घ्यावयाची काळजी हे सर्व सोप्या भाषेत, विनाविलंब कळवायचे आहे. माहिती संरक्षण मंडळाला, म्हणजे या कायद्याखालील नियामकाला, तातडीची सूचना आणि त्यानंतर ७२ तासांत तपशील द्यायचा, हे वेगळे. कळवण्यात कसूर केल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत, तर मुळात पुरेशी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, मात्र ही बंधने नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. हे नियम आले त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, युरोपीय आयोगाने ‘डिजिटल ऑम्निबस’ नावाचा प्रस्ताव मांडला. त्यात नियामकाला कळवण्याची मुदत ७२ वरून ९६ तासांवर नेण्याचे आणि केवळ मोठ्या धोक्याच्याच गळत्या कळवण्याचे सुचवले आहे. नियामकांच्या टेबलांवर किरकोळ सूचनांचे ढीग साचतात ही तक्रार खरी असेल; तरी कमी कळवण्याकडे झुकणारा कायदा ‘हॅव आय बीन पोन्ड’सारख्या सेवेची गरज वाढवतो, हे उघड आहे. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक गळतीची सूचना प्रत्येकाला मिळू लागली तर माणसे त्या सूचना न वाचताच पुसून टाकू लागतील, ही भीतीही मला निराधार वाटत नाही.

मुद्दाम दडवणे हा प्रकार वेगळाच. उबर कंपनीतून २०१६ मध्ये ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती गेली. चोरांना एक लाख डॉलर देऊन ती रक्कम त्रुटी शोधल्याचे बक्षीस म्हणून दाखवण्यात आली आणि वर्षभर कोणाला काही सांगितले गेले नाही. कंपनीचे तत्कालीन सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये दोषी ठरवण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

आता सेवेच्या ज्या अंगाचे मला सर्वाधिक कौतुक वाटते त्याकडे वळतो. पासवर्ड तपासण्याची सोय येथे ऑगस्ट २०१७ मध्ये सुमारे ३० कोटी ६० लाख फुटलेल्या पासवर्डांसह सुरू झाली आणि त्यानंतर तो साठा कितीतरी वाढला. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने आणि त्याच वर्षाअखेर ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे संस्थेने तपासात सापडलेले पासवर्ड या साठ्याला देऊ केले. कोणत्याही संकेतस्थळावर आपला खरा पासवर्ड टाकून ‘हा फुटला आहे का’ असे विचारणे हाच मुळात वेडेपणा ठरावा. परंतु येथे ती अडचण चतुराईने सोडवली आहे. आपल्याच ब्राउझरमध्ये पासवर्डाचा चाळीस अक्षरांचा हॅश तयार होतो आणि त्यातली पहिली पाचच अक्षरे सर्व्हरकडे जातात. सर्व्हर त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो हॅशांचे उरलेले भाग परत पाठवतो, आणि जुळणी पुन्हा आपल्याच यंत्रावर होते. आपण नेमके काय शोधत होतो, हे सेवेला कळतच नाही. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीतील जुनेद अली यांनी मांडलेल्या पद्धतीवर ही रचना आधारलेली आहे. आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी हे तत्त्व बहुतेक सर्व गोपनीयता कायद्यांत शब्दांनी लिहिलेले असते. ते प्रत्यक्ष यंत्ररचनेत उतरलेले पाहायचे असेल, तर याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

या सोयीला आता कायदेशीर वजनही आले आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच, नवा पासवर्ड स्वीकारण्यापूर्वी तो फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहावा असे सांगितले आणि ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावण्याची जुनी रीत सोडून द्यायला सुचवले. ‘पुरेशी सुरक्षाव्यवस्था’ म्हणजे काय याचा अर्थ नियामक अशाच प्रमाणांवरून लावतात. २३अँडमी या जनुकीय चाचणी कंपनीत २०२३ मध्ये घुसखोरांनी इतर ठिकाणी फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडली, आणि नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळे तेथून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. पासवर्ड पुन्हा वापरल्याचा दोष कंपनीने ग्राहकांवर ढकलू पाहिला. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जून २०२५ मध्ये कंपनीला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड केला तो मात्र दुहेरी पडताळणी सक्तीची न करणे आणि पासवर्डांबाबतची शिथिलता यांसारख्या त्रुटींसाठी. तपासण्याचे साधन मोफत उपलब्ध असताना ते न वापरणे ही आता निव्वळ तांत्रिक उणीव राहिलेली नाही.

प्रश्न असा उरतो की, चोरीला गेलेल्या माहितीची प्रत बाळगणारी ही सेवा स्वतः कायद्याच्या चौकटीत कितपत बसते? येथे नोंदलेल्या १,५०० कोटींहून अधिक खात्यांच्या मालकांनी तशी संमती दिलेली नाही. जीडीपीआरमध्ये संमती हा माहिती वापरण्याच्या सहा कायदेशीर आधारांपैकी केवळ एक आधार असून ‘न्याय्य हितसंबंध’ या आधारावर अशा सेवेचे समर्थन करता येते. भारतीय कायद्याप्रमाणे संमती आणि मोजके नमूद केलेले उपयोग एवढ्यावरच भर देणाऱ्या कायद्यात हा युक्तिवाद अधिक अवघड जाईल, असे मला वाटते. हंट यांनी सावधगिरी बरीच बाळगली आहे. ई-मेल पत्ता आणि त्याचा पासवर्ड एकत्र कधीच ठेवले जात नाहीत. २०१५ मध्ये फुटलेल्या ॲशले मॅडिसनसारख्या, विवाहबाह्य संबंध जुळवणाऱ्या संकेतस्थळाची नोंद सार्वजनिक शोधात दिसत नाही. त्या पत्त्याच्या मालकाने आपली मालकी पडताळून दिल्यावरच ती दिसते. कोणाला आपला पत्ता येथे नकोच असेल तर तो सार्वजनिक शोधातून लपवण्यापासून पूर्णपणे काढून टाकण्यापर्यंत तीन पर्याय आहेत. असे असले तरी संवेदनशील नसलेल्या गळत्यांसाठी कोणीही कोणाचाही पत्ता टाकून पाहू शकतो, आणि एखाद्या व्यक्तीने कुठे कुठे खाते उघडले होते याचा बराचसा अंदाज बांधू शकतो. माझ्या मते हा या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. सर्वच निकाल पडताळणीनंतर दाखवावेत, ही मागणी मला योग्य वाटते, मग त्यात सहजता थोडी गेली तरी चालेल.

मार्च २०२५ मध्ये खुद्द हंट यांच्याच बाबतीत जे घडले ते येथे नोंदवण्यासारखे आहे. फसव्या ई-मेलला बळी पडून त्यांनी मेलचिंप या वाचकांना ई-मेल पाठवण्याच्या सेवेतील आपल्या खात्याचा तपशील दिला आणि त्यांच्या ब्लॉगच्या सुमारे १६ हजार वाचकांचे पत्ते चोरीला गेले. त्यांनी ती गोष्ट लगोलग जाहीर केली आणि तो संच आपल्याच सेवेत दाखल केला. यादीतून नाव काढून घेतलेल्या वाचकांचे पत्तेही त्या साठ्यात शिल्लक होते, हेही त्यांनी सांगितले. निरुपयोगी झालेली माहिती पुसून टाकण्याची सक्ती कायदे का करतात, हे त्या एका तपशिलातून लख्ख दिसते.

उणिवा आणखीही आहेत. पत्ता कोठेही सापडला नाही तर येणारा दिलासादायक निकाल फसवा ठरू शकतो, कारण जी गळती चोरांनी बाजारात आणलीच नाही ती येथे येणार नाही. त्या निकालाचा अर्थ ‘अद्याप माहीत नाही’ एवढाच घ्यावा. संगणकात शिरलेल्या विषाणूंनी गोळा केलेल्या याद्यांची अडचण वेगळी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखल झालेल्या ‘एलियन टेक्स्टबेस’ या एकाच संचात २३ अब्ज ओळी आणि २८ कोटी ४० लाख ई-मेल पत्ते होते. त्यात आपला पत्ता निघाला तर एखाद्या संस्थेला जाब विचारण्यात अर्थ नसतो, कारण चोरी आपल्याच यंत्रातून झालेली असते. कोणत्या संकेतस्थळांचे तपशील गेले हे पडताळणीनंतर आता पाहता येते, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण पुढे नेमके काय करावे याचे मार्गदर्शन त्रोटक आहे आणि ते इंग्रजीतच आहे. गुगलने आपली अशीच एक सोय बंद करण्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, तेव्हा पुढची पावले सांगण्यात ती कमी पडते हेच कारण दिले होते.

कायदेशीर उपायांच्या बाबतीत तर सेवा मुळीच काही सांगत नाही, आणि नेमक्या तेथेच अलीकडे बरेच घडले आहे. युरोपीय न्यायालयाने बल्गेरियाच्या करसंस्थेतील गळतीच्या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी निर्णय दिला की, माहितीचा गैरवापर होईल ही भीतीसुद्धा भरपाईयोग्य हानी ठरू शकते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी, फेसबुकवरून स्वयंचलित साधनांनी खरवडून नेलेल्या माहितीच्या प्रकरणात, माहितीवरचा ताबा सुटणे हीच हानी मानली आणि १०० युरोंच्या आसपासची भरपाई गैर ठरणार नाही असे सूचित केले. भारतीय अधिनियमात मात्र दंड सरकारी तिजोरीत जातो, आणि बाधित व्यक्तीला भरपाई मिळवून देऊ शकणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ त्याच अधिनियमाने वगळण्याची तरतूद केली आहे. आपली माहिती फुटली हे कळल्यानंतर आपण कोणत्या कायद्याखाली आहोत यावर इतका फरक पडत असेल, तर प्रत्येक गळतीच्या पानावर संबंधित नियामकाच्या निर्णयाचा निदान दुवा तरी असायला हवा. फेसबुकच्या याच प्रकरणात आयर्लंडच्या नियामकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटा हिला २६ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला होता.

त्याच प्रकरणाने या सेवेची आणखी एक मर्यादा उघडी पाडली. २०२१ मध्ये प्रसृत झालेल्या त्या ५३ कोटी ३० लाख नोंदींत ई-मेल पत्ते केवळ २५ लाखांच्या आसपास होते; ओळख पटवणारा तपशील होता तो फोन क्रमांक. म्हणून हंट यांनी तेव्हा फोन क्रमांकाने शोधण्याची सोय खास सुरू केली आणि मे २०२५ च्या नव्या रूपात संकेतस्थळावरून ती काढून टाकली. क्रमांक निरनिराळ्या पद्धतींनी लिहिलेले असतात आणि मोजक्याच संचांत ते शोधता येत होते, ही त्यामागची तांत्रिक अडचण मान्य करता येते. पण बँक, सरकारी सेवा आणि संदेशवहन यांची खाती फोन क्रमांकावरच उघडणाऱ्या कोट्यवधी लोकांकडे स्वतःचा असा ई-मेल पत्ता नसतो किंवा असला तरी तो वापरात नसतो, आणि त्यांच्यासाठी या सेवेचा शोध जवळजवळ निरर्थक ठरतो. पडताळणीची अट घालून का होईना, ती सोय परत आणावी असे मला वाटते.